कुस्ती सोडवणारा

चंडीमंदिरला येऊन मला आता दीड वर्ष झालं. कॅन्टोन्मेंटच्या फाटकातून बाहेर पडलं की पंचकुला, पुढे चंदीगड, पलीकडे मोहाली. तीन शहरं अशी चिकटून आहेत की कुठून कुठे गेलो ते दुकानाच्या पाटीवरूनच कळतं. मोहालीतल्या अशाच एका पाटीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, माझा सतरा वर्षांचा मुलगा गेलं वर्षभर मार खायला जातो. मारायलाही जातो, पण पहिल्या सहा महिन्यांत खाणंच जास्त होतं. खेळाचं नाव मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. ठोसे, लाथा, कुस्तीतल्या पकडी आणि ज्युडोतले डाव, सगळं एकाच जाळीच्या पिंजऱ्यात.

गेल्या रविवारी त्याने जेवणाच्या टेबलावर एक कागद पुढे सरकवला. दिल्लीत हौशी मुलांची स्पर्धा आहे, वय अठराच्या आत, म्हणून पालकांची सही पाहिजे. बायकोने कागद न वाचताच माझ्याकडे ढकलला. "हे तुमचं खातं," म्हणाली.

मी सही केली नाही, नाहीही म्हणालो नाही. "बघू," म्हणालो. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा तो घाबरलेला असतो, हे मुलाला अजून माहीत नाही.

त्या जिममध्ये मुलांना न्यायला आलेल्या बापांचा एक अड्डा जमतो. एक निवृत्त हवालदार, एक ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापारी, एक प्राध्यापक आणि मी. तिथे सध्या एकच वाद चालू आहे: २०१२ साली चंदीगडमध्ये झाला होता तसा मोठा, व्यावसायिक एमएमएचा कार्यक्रम इथे पुन्हा यावा का? व्यापारी म्हणतो, आलाच पाहिजे, आपली मुलं किती दिवस टीव्हीवर दुसऱ्यांच्या लढती बघणार? प्राध्यापक म्हणतात, कोंबड्यांच्या झुंजीवर बंदी आणि माणसांच्या झुंजीला तिकीट, हा कुठला न्याय? मला विचारलं, तर मी तिथेही 'बघू' म्हणालो. ते बघणं लिहूनच पूर्ण होईल असं वाटलं, म्हणून हा लेख.

२०१२ चा तो कार्यक्रम झाला तेव्हा मी चंदीगडमध्येच होतो, अगदी योगायोगाने. लेहला जायचं होतं. तेव्हा एप्रिलमध्ये लडाखचे रस्ते बर्फाखाली असायचे, त्यामुळे वर जाणारा जवान चंदीगडच्या विमानतळावरून हवाई दलाच्या विमानाने जायचा. हवा बिघडली की ट्रान्झिट कॅम्पमध्ये पडून राहायचं. आम्ही तिसरा दिवस पडून होतो. पोरांनी पत्ते खेळून संपवले होते, घरचे फोन संपवले होते, आणि बोलायला विषय मिळाला तो या लढतींचा.

सुपर फाइट लीग नावाची ही कंपनी राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी काढली होती. पहिला कार्यक्रम मार्चमध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात झाला. दुसरा ७ एप्रिलला चंदीगडला. मेमध्ये तिसरा दिल्लीला. पंजाब-हरयाणात पोरगं चालायला लागलं की त्याला अंगाला माती लावतात, त्यामुळे दुसऱ्याच कार्यक्रमाला चंदीगड निवडलं याचं कुणाला नवल वाटलं नाही. माझ्याबरोबरच्या दोन हरयाणवी जवानांनी तर परवानगीही मागितली. विमान कधी लागेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मी नाही म्हणालो. मुख्य लढत टॉड डफी हा अमेरिकन आणि नील ग्रोव्ह हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला धिप्पाड गडी यांची होती. दुसऱ्या दिवशी कळलं की ती ३४ सेकंदांत संपली. डफीने ग्रोव्हला आडवा केला. त्यातला एक हरयाणवी म्हणाला, "साब, इतने में तो हमारे गाँव का पहलवान लंगोट भी नहीं कसता." सगळा कॅम्प हसला. त्याच दुपारी विमान लागलं.

हसताना मीही हसलो. पण विमानात कानात कापूस घालून बसल्यावर मला ग्रोव्हचा विचार येत राहिला. परक्या देशात, ३४ सेकंदांत पडलेल्या माणसाकडे नंतर कोण बघतं? हा विचार मला का आला, ते पुढे सांगतो. आधी दुसरी बाजू, कारण मी या खेळाच्या विरुद्ध नाही.

माझं गाव सांगली जिल्ह्यात. आमच्याकडे जत्रा म्हणजे पालखी, तमाशा आणि कुस्त्यांचा फड. वर्गणी काढून इनामं ठरायची. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हायची. सात-आठ वर्षांची पोरं मातीत लोळायची आणि जिंकणारा मूठभर रेवड्या घेऊन आईकडे पळायचा. हलगी तापत जायची, इनाम वाढत जायचं आणि दिवेलागणीला मोठी जोड सुटायची. मीही रेवड्या जिंकल्या आहेत. हरलो तेव्हा आजोबांनी अंगावरची माती झटकून परत उभं केलं आहे. पुढे एनडीएत गेलो तर तिथे पहिल्या काही महिन्यांतच प्रत्येक नव्या कॅडेटला बॉक्सिंगच्या रिंगणात उतरावं लागतं. नॉव्हिसेस म्हणतात त्याला. तुम्ही बुद्धिबळात हुशार असा की गाण्यात, सुटका नाही. माझ्यासमोर डेहराडूनचा एक लांब हाताचा मुलगा आला. पहिल्या मिनिटात नाकातून रक्त आलं. त्या दिवशी एक गोष्ट कळली, ती मला पुढे दोनदा उपयोगी पडली: मार लागला तरी जग संपत नाही. हे पुस्तकातून कळत नाही. शिकवायचं तर अंगावरच शिकवावं लागतं.

शस्त्राशिवायची लढाई जुन्या काळाबरोबर संपली असंही कुणी समजू नये. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात एक गोळी न झाडता आपले २० सैनिक गेले. कर्नल संतोष बाबू त्यांच्या पुढे होते. दगड, दांडके आणि हात, त्या थंडीत, त्या उंचीवर. त्यामुळे हातघाईची लढाई शिकणाऱ्या पोराला मी रानटी म्हणणार नाही. फक्त ती लढाई कुणी तिकीट काढून बघत नव्हतं, एवढा फरक मी लक्षात ठेवतो.

आता ते, जे मी इतकी वर्षं कुठे लिहिलं नव्हतं.

लेहच्या त्या प्रवासाच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. मी कंपनी कमांडर होतो, नवा नवा. पलटणीत आंतर-कंपनी बॉक्सिंग होतं. माझ्या कंपनीत एकवीस वर्षांचा एक जवान होता. अंगाने काटक, पायांनी चपळ, बोलायला लाजरा. उपांत्य लढतीत त्याला कानशिलावर एक ठोसा बसला, गुडघा टेकला, पंचांनी आठपर्यंत मोजलं, तो उठला आणि गुणांवर जिंकलाही. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन बराकीपर्यंत नेलं.

रात्री दहा वाजता माझे सुभेदार साहेब आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "साब, बच्चा दो बार उल्टी कर चुका है. सर पकड़ के बैठा है. कल उसको बिठा दो."

मी म्हणालो, "सुबह देखते हैं."

सकाळी लढतीआधी डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. त्याला विचारलं, "कोई तकलीफ़?" तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "नहीं साब." मी दोन हातांवर उभा होतो. मला उलट्यांचं माहीत होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर डॉक्टरांनी त्याला तिथेच बसवलं असतं. मी बोललो नाही. मला ढाल पाहिजे होती, आणि पोरगा स्वतःच ठीक आहे म्हणतोय, ही पळवाट त्याने मला आयती दिली होती.

दुसऱ्या फेरीत तो पडला. फार जोराचा ठोसा नव्हता, म्हणूनच सगळे गप्प झाले. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत तो शुद्धीवर आला, पण मला त्याने माझ्या आधीच्या कंपनी कमांडरच्या नावाने हाक मारली. शस्त्रक्रिया लागली नाही. जीव वाचला. पुढे मात्र महिनोन्महिने डोकेदुखी, उजेडाचा त्रास, लो मेडिकल कॅटेगरी. बढतीच्या कॅडरला तो कधी बसू शकला नाही. ढाल आमच्या कंपनीला मिळाली. गुण मोजल्यावर कळलं की त्याची लढत झाली नसती तरी ती आम्हालाच मिळणार होती. ढालीसोबतचा फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात तो नाही, तो हॉस्पिटलमध्ये होता.

आता तो पेन्शनवर गावी असतो. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. आवाजात काही राग नसतो, हेच अवघड जातं. घरच्यांची चौकशी करतो, मुलगा कितवीत म्हणून विचारतो, आणि चार वाक्यांनंतर पुन्हा विचारतो, "साब, बेटा कौन सी क्लास में है?" मी दोन्ही वेळा उत्तर देतो.

म्हणून विमानात मला ग्रोव्ह आठवत राहिला. आणि म्हणून टेबलावरचा तो कागद मला जड गेला.

अड्ड्यावरच्या वादात मी इतके दिवस काय शोधत होतो, ते मला या आठवड्यात गावाकडच्या एका शब्दामुळे सापडलं. आमच्याकडे मोठी जोड वेळेत निकाली झाली नाही, दोघं दमले, एखाद्याचा खांदा निखळतोय असं दिसलं, की फडातले जाणते लोक आत शिरायचे आणि कुस्ती 'सोडवायचे'. बरोबरीत सोडवली म्हणायचं. प्रेक्षक शिट्ट्या मारायचे, पैसे फुकट गेले म्हणून ओरडायचे, इनाम लावणारा चिडायचा. पण एकदा सोडवली की सोडवली. ते जाणते लोक इनाम लावणाऱ्याचे नोकर नव्हते, आणि पैलवानाचं 'मी लढतो' हे ते ऐकत नसत. त्यांना माहीत होतं की पैलवान ते म्हणणारच. माझ्या कंपनीत त्या सकाळी सोडवणारा मी होतो, आणि ढाल पाहिजे असणाराही मीच. दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती. तिथे चूक झाली.

आता अमेरिकेतलं एक उदाहरण, कारण हा वाद तिथे होऊन गेला आहे. यूएफसीची पहिली स्पर्धा १९९३ च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला झाली, तेव्हा नियम जवळजवळ नव्हतेच. त्यावर सर्वांत कडक टीका केली ती सिनेटर जॉन मॅकेन यांनी. माणसांची कोंबडझुंज, असं म्हणत त्यांनी १९९६ मध्ये सगळ्या ५० राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून बंदीची मागणी केली. मॅकेन काही नाजूक गृहस्थ नव्हते. नौदलाचे वैमानिक, नेव्हल अकॅडमीत स्वतः बॉक्सिंग केलेले, व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त युद्धकैदेत काढलेले. न्यूयॉर्क राज्याने १९९७ मध्ये हा खेळ बंद केला. मग २००० पासून न्यू जर्सीत एकसारखे नियम लागू झाले: वजनगट, पाच मिनिटांच्या फेऱ्या, डोक्याच्या मागच्या बाजूला मारायला बंदी, डोळ्यांत बोटं नाहीत, पंच केव्हाही लढत थांबवू शकतो. मॅकेन यांचा विरोधही पुढे मावळत गेला. न्यूयॉर्कने मात्र १९ वर्षं वाट पाहिली. २०१६ मध्ये दार उघडलं तेव्हा कायद्यात अट घातली की आयोजकाने प्रत्येक लढवय्याचा मेंदूच्या जिवावरच्या दुखापतीसाठी १० लाख डॉलरचा विमा उतरवावा. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये यूएफसी झाली.

तिथे पंच आणि डॉक्टर नेमतं ते राज्याचं कमिशन, आयोजक कंपनी नव्हे. बेशुद्ध पडलेल्या लढवय्याला ठरावीक दिवस लढायला बंदी लागते, आणि ती बंदी दुसऱ्या राज्यातही पाळली जाते. थोडक्यात, आमच्या जत्रेतले जाणते लोक त्यांनी कायद्यात बसवले.

माझ्या मुलाने आणखी एक मुद्दा शिकवला. मी म्हटलं, बॉक्सिंगचे हातमोजे जाड असतात, तुमचे जेमतेम चार औंसांचे. तो म्हणाला, "बाबा, बॉक्सिंगमध्ये पडलेल्याला मोजून परत उभं करतात आणि पुन्हा मारायला देतात. आमच्यात माणूस सुन्न झाला की तिथेच संपतं. आणि पकडीत अडकलो तर टॅप करता येतं. हरलो म्हणायला लाज नाही." मी गप्प बसलो. मला आठपर्यंत मोजणारे ते पंच आठवले.

तर माझं उत्तर. चंदीगडमध्ये तसा कार्यक्रम पुन्हा यावा. पण ३४ सेकंदांच्या मुख्य लढतीसाठी नव्हे. त्याआधीच्या लढतींत जी इथलीच पोरं उतरतील, त्यांच्यासाठी यावा. पंजाब-हरयाणात जिल्हा पातळीवर थांबलेले शेकडो पैलवान आणि बॉक्सर आहेत. त्यांच्यापुढे दोनच वाटा असतात: भरतीची रांग, नाहीतर कुणा बड्या माणसाच्या मागे बाउन्सर म्हणून उभं राहणं. खेळातल्या पैशावर कुणाची नजर नसली की काय होतं तेही पंजाबने पाहिलं आहे. २०२२ च्या मार्चमध्ये जालंधर जिल्ह्यात एका नामवंत कबड्डीपटूला स्पर्धेच्या ठिकाणीच गोळ्या घातल्या गेल्या. आणि उजेडातली वाट मिळाली की काय होतं तेही दिसतं. आपल्या महाराष्ट्राचा भरत खंडारे २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला. पहिल्याच फेरीत हरला, पण दार उघडून आला. उत्तराखंडचा अंशुल जुबली, बीएसएफ जवानाचा मुलगा, २०२३ मध्ये 'रोड टू यूएफसी' जिंकून आत गेला. २०२४ च्या जूनमध्ये मुजफ्फरनगरकडच्या पूजा तोमरने यूएफसीतली लढत जिंकली, आणि ते करणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली.

पण यावा तो तीन अटींवर. पंच आणि डॉक्टर आयोजकाच्या पगारावर नसावेत, प्रशासनाने नेमावेत. चंदीगड केंद्रशासित आहे, एका आदेशाचं काम आहे. पीजीआयसारखं हॉस्पिटल याच शहरात आहे, त्यामुळे डोक्याची तपासणी करायला तज्ज्ञ नाहीत असं म्हणायची सोय नाही. दुसरं, जो पडला त्याची लढतीनंतर तपासणी, सक्तीची विश्रांती आणि विमा, आणि हे सगळं तिकीटविक्री सुरू होण्याआधी कागदावर. तिसरं, डॉक्टरांच्या टेबलापाशी लढवय्याच्या कोपऱ्यातला माणूस हजर पाहिजे, आणि आदल्या रात्री काय झालं ते त्याला नाव घेऊन विचारलं पाहिजे. ही तिसरी अट कुठल्याही नियमावलीतून मी घेतलेली नाही. ती माझी स्वतःची आहे.

प्राध्यापकांना हे सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आणि अटी पाळल्या नाहीत तर?" मी म्हटलं, तर येऊ नये. व्यापारी नाराज झाला. निवृत्त हवालदार काही बोलला नाही, फक्त मान हलवली. तोही पलटणीचा बॉक्सर होता.

काल संध्याकाळी मुलाच्या कोचला बाजूला घेतलं. तिशीचा मुलगा, कान कुस्तीने मोडलेले. त्याला एकच प्रश्न विचारला: लढतीच्या मध्ये माझा मुलगा म्हणाला मी ठीक आहे, आणि तुला वाटलं तो ठीक नाही, तर कुणाचं ऐकशील?

त्याने लगेच उत्तर दिलं नाही, ते मला आवडलं. मग म्हणाला, "सर, उस वक़्त तो सब झूठ बोलते हैं. मैंने भी बोला है."

रात्री घरी येऊन सही केली. मुलाला सांगितलं, दिल्लीला मी येणार, पण प्रेक्षकांत बसणार नाही, डॉक्टरांच्या टेबलापाशी उभा राहणार. तो म्हणाला, "बाबा, सगळे हसतील." म्हटलं, हसू दे.

दिवाळी पुढच्या महिन्यात आहे. या वेळी फोन मीच आधी करणार आहे.

जय हिंद.